उल्हासच्या काठाने राजमाचीच्या खिंडीपर्यंत: एका दिवसाची चढाई

राजमाचीला बहुतेक मंडळी लोणावळ्याकडून जातात. तुंगार्लीच्या धरणावरून पंधरा-सोळा किलोमीटरची कच्ची वाट आहे. चढ फारसा नाही, पण चालून चालून पाय कंटाळतात. मी सांगते ती वाट खालची. कर्जतला उतरायचं, कोंदिवड्याला जायचं, उल्हास नदीच्या खोऱ्यातून कोंडाणे लेण्यांपर्यंत चालायचं आणि तिथून रान चढून उधेवाडी गाठायची. उधेवाडी म्हणजे राजमाचीच्या माचीवरचं गाव. त्याच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आहेत आणि दोघांच्या मधे खिंड. खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे. आपली चढाई तिथे संपते.

ही खिंड हेच टोक माना. किल्ले पुढच्या खेपेला ठेवा. एका दिवसात दोन्ही बालेकिल्ले उरकायचे म्हणून धावणारे लोक लेणी पाच मिनिटांत बघतात, नदीकडे बघतच नाहीत, आणि परतताना रानातली उतरण संधिप्रकाशात करतात. या वाटेवर पाय मुरगळतात ते नेमके त्याच वेळी.

मी डोंबिवलीची. आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या नळांना मोहिली आणि बारावे इथून उचललेलं उल्हासचं पाणी येतं. जे पाणी आपण रोज पितो त्याचं खोरं एकदा पायी बघावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून शेजारपाजारच्या बायकांना, भाच्यांना, ऑफिसातल्या मुलींना मी इथेच आणते. चालण्याची सवय असलेल्या कुणालाही ही वाट जमते. दोर लागत नाही, कातळावर हात टेकून चढावं लागत नाही. लागतो तो दम, आणि घड्याळाकडे लक्ष.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाचं पाणी ओसरलेलं असतं, गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं, सकाळी खोऱ्यात गारवा असतो. नोव्हेंबरमध्ये ओढ्यांना थोडं पाणी सापडतं. फेब्रुवारीच्या शेवटी ते आटतं आणि दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं. ऑक्टोबरात हिरवाई असली तरी रानात वारा नसतो आणि घामाने जीव नकोसा होतो. मार्च-एप्रिलमध्ये जायचंच असेल तर अंधार असतानाच चालायला लागा आणि लेण्यांवरूनच परत फिरा.

मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला राजमाचीला काजवे बघायला गर्दी होते. काजवे फार सुंदर दिसतात, पण तो रात्रीचा कार्यक्रम आहे. त्यासाठी गावात मुक्काम करावा. एका दिवसाच्या चढाईशी त्याची सांगड घालू नका.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. जुलैमध्ये कोंडाण्याच्या लेण्यांसमोर पाण्याचा पडदा पडतो. त्याचे फोटो पाहून माणसं निघतात. पण या वाटेवर ओढे आडवे येतात आणि ते वरच्या पावसाने फुगतात. तुमच्या डोक्यावर आभाळ उघडलेलं असेल, तरी लोणावळा-खंडाळ्याला कोसळत असेल तर घोटाभर पाण्याचा ओढा कमरेपर्यंत यायला फार वेळ लागत नाही. उल्हास किती झपाट्याने चढते ते जुलै २०१९मध्ये सगळ्यांनी पाहिलं. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ते पाणी याच खोऱ्यातलं. त्यामुळे जून ते सप्टेंबर नवख्यांनी ही वाट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जाणकार सोबत असेल तरी दोन गोष्टी पाळा. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा बघा आणि रायगड जिल्हा प्रशासनाने धबधब्यांवर जायला बंदी घातली आहे का ते तपासा. आणि ओढा पार करताना पाणी गुडघ्याला लागलं, गढूळ झालं, किंवा त्यातून काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, तर तिथेच थांबा. सकाळी पार केलेला ओढा संध्याकाळी पार होईलच असं नाही. तसं झालं तर उधेवाडीत राहायचं. घरी एक फोन करायचा आणि राहायचं.

कर्जत ते कोंदिवडे

मुंबई-ठाणे-कल्याणकडच्यांनी पहाटेची पहिली कर्जत लोकल धरावी. सातपर्यंत कर्जतला पोचलात तर दिवस तुमच्या हातात राहतो, नऊला पोचलात तर सगळंच ओढाताणीचं होतं. पुण्याकडच्या काही गाड्याही कर्जतला थांबतात, पण त्या वेळेत बसतात का ते आधी बघा. नाहीतर आदल्या रात्री कर्जतलाच राहा.

स्टेशनबाहेर चहा आणि वडापाव मिळतो. पोटभर खाऊ नका, एक वडापाव पुरे. पुढे तासाभरात चढ लागतो आणि भरल्या पोटी तो जड जातो.

कोंदिवड्याला जायला रिक्षा किंवा टमटम मिळते, स्टेशनाजवळून नाहीतर श्रीराम पुलाकडून. अंतर दहा-बारा किलोमीटर. भरली की निघणारी टमटम स्वस्त पडते, पण सकाळी ती भरेपर्यंत अर्धा तास जातो. चार-पाच जण असाल तर सरळ पूर्ण गाडी करा. भाडं बसण्यापूर्वी ठरवा आणि तेव्हाच परतीचंही बोलून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे. संध्याकाळी कोंदिवड्यात रिकामी गाडी सापडेलच याची खात्री नसते. मी चालकाला विचारते, "दादा, पाच वाजता इथेच न्यायला याल ना?" एकदा एकाने दिलेलं उत्तर मला फार आवडलं. "ताई, वर फोन लागत नाही. पाचला मी येतो, साडेपाचपर्यंत थांबतो. त्याच्या पुढे मात्र गावात विचारत तुम्हाला शोधायला लागेन." चालकाचा नंबर दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा आणि एका कागदावरही लिहून घ्या.

कोंदिवड्यात उतरल्यावर आणखी एक काम. गावातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की आपण अमुक जण वर चाललोय आणि संध्याकाळी परत येणार. त्याच बोलण्यात वाटेची चौकशीही होते. ओढ्याला पाणी किती आहे, झाड पडलंय का, मोहोळ कुठे लागलंय, हे त्या आठवड्यात वर जाऊन आलेल्या माणसाइतकं दुसरं कुणी सांगू शकत नाही. वाट नवीन असेल तर गावातलाच एखादा वाटाड्या घ्या. त्याचा दिवसाचा मोबदला त्याने सांगितलेलाच द्या, घासाघीस नको.

नदीच्या सोबतीने लेण्यांपर्यंत

कोंदिवड्यातून वाट रुंद निघते. उजव्या हाताला उल्हासचं पात्र राहतं, डाव्या हाताला राजमाचीचा डोंगर. पहिला पाऊण तास-तास चढ अगदी हलका आहे. याच भागात चालीचा ठेका बसवायचा. सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे, धाप लागता कामा नये. ज्याची चाल सगळ्यात हळू त्याला पुढे ठेवा. आमच्या गटात हा नियम आहे. त्याने कुणी मागे सुटत नाही आणि मागून येणाऱ्यावर दडपणही येत नाही.

नदी इथे लहान आहे, काळ्या धोंड्यांतून वाट काढणारी. लोणावळा-राजमाचीच्या मधल्या दऱ्यांतून ती उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत शेवटी वसईच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यात तुम्ही इथे आलात तर पात्र जवळजवळ कोरडं दिसेल आणि प्रश्न पडेल की मग मे महिन्यात खालच्या शहरांना पाणी मिळतं कुठून. त्याचं एक मोठं उत्तर घाटमाथ्यावर आहे. मावळातल्या आंद्रा खोऱ्याचं पाणी धरणात अडवून टाटांच्या भिवपुरीच्या वीजगृहात खाली सोडलं जातं. वीज निर्माण झाल्यावर तेच पाणी उल्हासला मिळतं. खरं तर पूर्वेकडे, भीमेला जायचं पाणी. ते सह्याद्री ओलांडून पश्चिमेला येतं. ही गोष्ट मी प्रत्येक गटाला इथे, कोरड्या पात्राशेजारी उभी राहून सांगते. बादलीभर पाण्यामागे किती खटाटोप आहे ते इथे दिसतं.

समोरच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या डोंगरधारेवर रेल्वेचा घाट आहे. जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल ही त्यावरची ठाणी. बोगद्यातून गाडी बाहेर पडते, दिसते न दिसते तोच पुढच्या बोगद्यात जाते. हा घाट १८६३ साली सुरू झाला आणि तो बांधताना हजारो मजूर दगावले, बरेचसे पटकी आणि तापाने. माझे वडील रेल्वेत होते, कर्जतला बँकरवर. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिनं ती बँकर. त्यामुळे या खोऱ्यात चालताना इंजिनाचा आवाज आला की माझी पावलं आपोआप थांबतात. तुम्हीही थांबा, कान द्या. चढणाऱ्या गाडीचा आवाज आणि उतरणाऱ्या गाडीचा आवाज वेगळा असतो, आणि सकाळच्या शांततेत तो फरक स्पष्ट कळतो.

वाटेच्या शेवटच्या टप्प्यात झाडी दाटते आणि चढ सुरू होतो. पंधरा-वीस मिनिटं घाम काढून लेणी समोर येतात. कोंदिवड्यापासून इथवर साधारण सव्वा तास धरा.

लेण्यांत अर्धा तास द्याच

कोंडाण्याची लेणी बौद्ध आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटमाथ्यावर जाणारा व्यापार या डोंगरांतून चढत असे. कार्ले, भाजे, बेडसे वर आणि कोंडाणे खाली, घाटाच्या पायथ्याला. चढ सुरू होण्याआधी मुक्कामाला याहून योग्य जागा सापडणार नाही. आपणही नेमके तिथेच दम खातो.

आत शिरण्याआधी बाहेर उभे राहून चैत्याचा, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचा, दर्शनी भाग बघा. पिंपळपानाच्या आकाराची मोठी कमान, तिच्या बाजूला एकावर एक कोरलेले सज्जे, कठड्यांची नक्षी. हे सगळं लाकडी बांधकामाचं दगडातलं रूप आहे. कारागिरांचे हात लाकडाला सरावलेले होते, त्यांनी कातळातही तुळया आणि वासे कोरले. शेजारच्या विहारात गेलात तर छताकडे मान वर करून बघा, तिथे हे वासे छान दिसतात. भोवतीने भिक्षूंच्या खोल्या आहेत, त्यांत दगडी ओटे. आतले बरेच खांब तळाशी झिजून तुटले आहेत आणि स्तूपाचीही पडझड झाली आहे. म्हणून टेकून बसू नका, चढून बसू नका.

आता खरी बघण्याची गोष्ट. चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एका मोठ्या मूर्तीचं मस्तक तेवढं उरलं आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे: कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. कण्हाचा शिष्य बलक याने केलं. राजाचं नाव नाही, दान किती दिलं त्याचा हिशेब नाही. आपल्याकडच्या लेण्यांत दात्यांची नावं भरपूर सापडतात, घडवणाऱ्याने आपलं नाव गुरूच्या नावासह कोरलेलं फार क्वचित. माझ्या भाचीला ही ओळ दाखवली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मावशी, हा त्याचा सही केलेला दगड." मला तिचं म्हणणं पटलं. पुढे कुणी त्याच भिंतींवर आपापली नावं खरडली आहेत. सोबत लहान मुलं असतील तर दोन्ही दाखवा, काही सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. लेण्यांच्या वरच्या कातळाला आग्या मोहोळ लागतं. तिथे आरडाओरडा करायचा नाही, धूर करायचा नाही, सिगरेट तर मुळीच नाही, आणि सकाळी निघताना अत्तर-स्प्रे मारून यायचं नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड आणि मान ओढणीने झाकायची आणि माघारी उतरत झाडीत शिरायचं. ओढणी किंवा मोठा पंचा प्रत्येकाच्या पिशवीत वरच असावा तो यासाठी.

रानातला चढ

लेण्यांपासून उधेवाडीपर्यंत दोन ते अडीच तास. दिवसाची खरी मेहनत इथे आहे. कोंदिवड्यापासून खिंडीपर्यंत एकूण सहा-सातशे मीटर उंची चढायची, त्यातली बरीचशी याच भागात.

वाट रानातून नागमोडी चढते. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आणि खाली सगळीकडे कारवी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. ती फुललेली मिळाली तर तुमचं भाग्य, आणि तेव्हा तिथे मधमाश्याही फार असतात. कारवीच्या काठ्या मोडून घ्यायच्या नाहीत, काठी घरून आणा.

चढताना पावलं लहान टाका. मोठी टांग टाकून उंच दगडावर एकदम चढलं की मांडी भरून येते. चाळीस-पन्नास मिनिटं चालून पाच मिनिटं थांबा, थांबताना बसू नका, काठीवर भार देऊन उभे राहा. पाणी तहान लागायच्या आधी, दोन-दोन घोट. ज्यांचे गुडघे दुखरे आहेत त्यांनी गुडघ्याचा पट्टा चढताना सैल आणि उतरताना घट्ट बांधावा.

वाट चुकण्याची शक्यता इथेच सगळ्यात जास्त. गुरांच्या वाटा फुटतात आणि त्याही मळलेल्या दिसतात. ओळखायची खूण अशी: गुरांची वाट डोंगराच्या पोटाने आडवी जाते, झुडपांखाली अचानक बुटकी होते, आणि तिच्यावर बुटांचे ठसे नसतात. आपली वाट सतत चढते. बाण किंवा रंगाच्या खुणा दिसल्या तर त्यांना धरून जा. पंधरा मिनिटं खूण नाही, ठसा नाही, गोळीचा कागदही नाही, असं झालं तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे या. वर उजेड दिसतो म्हणून झाडीतून सरळ घुसायचं नाही. फोनमध्ये नकाशा घरूनच उतरवून घ्या, रानात जाळं मिळेलच असं नाही.

दगडावर हात ठेवण्याआधी बघा आणि कातळाच्या फटीत हात घालू नका. कोकणच्या या पट्ट्यात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. घोट्याच्या वर येणारे बूट आणि लांब पँट घाला. दंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. दंश झालेला अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, १०८ किंवा ११२ला फोन लावा आणि गावातून मदत आणा. सापाच्या मागे लागून त्याचा फोटो काढत बसू नका.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास या रानात शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. पाणी वाहणाऱ्या ओढ्याजवळ हमखास. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मुलगा फिरत फिरत शीळ घालतोय. पावसाच्या दिवसांत तो जास्त गातो, पण हिवाळ्यातही पक्षी दिसतो, काळसर निळा, खांद्यावर चमक.

झाडी विरळ झाली, पायाखाली मोकळं पठार आलं आणि वर बालेकिल्ल्यांचे माथे दिसू लागले की समजा, कष्ट संपले. या चढावर कुठेतरी तुम्ही रायगड जिल्ह्यातून पुणे जिल्ह्यात आलेले असता, कर्जत तालुक्यातून मावळात. पाटी नाही, पण उधेवाडीतल्या माणसांशी बोलायला लागलात की कानाला कळतं.

उधेवाडी, आणि जेवणाचं आधीच सांगा

गावात शिरल्या शिरल्या पहिलं काम जेवण सांगणं. आधी फोनवर कळवलं असेल तर उत्तमच. घरगुती जेवण मिळतं: पिठलं, भाकरी, ठेचा, भात, कधी उसळ. चूल पेटायला, भाकऱ्या थापायला वेळ लागतो. "मावशी, आम्ही सहा जण, खिंडीत जाऊन तासाभरात येतो" असं सांगून पुढे निघायचं, म्हणजे परत येईपर्यंत ताटं तयार होतात. डबे बांधून आणण्यापेक्षा हे बरं. ओझं कमी होतं आणि चार पैसे गावात राहतात. या गावाला लोणावळ्याचा कच्चा रस्ता आहे, तोही पावसात बेभरवशाचा. इथलं सगळं सामान किती दुरून येतं ते लक्षात ठेवा आणि ताटाच्या किमतीवर कुरकूर करू नका. प्लास्टिकच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं गावात टाकायची नाहीत. ती आपल्याच पिशवीतून खाली कर्जतला न्यायची.

गावातून खिंडीत पोचायला पंधरा-वीस मिनिटं. भैरवनाथाच्या देवळासमोर दीपमाळा आहेत. देवळात बूट काढून जा, आणि कुणी पूजेला बसलं असेल तर फोटो नंतर. इथे उभं राहिलं की एका हाताला श्रीवर्धन, दुसऱ्या हाताला मनरंजन. श्रीवर्धन उंच आहे, मनरंजन जरा ठेंगणा. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या मोहिमेनंतर १६५७ साली हा किल्ला घेतला. पुढे १७७६मध्ये, पानिपतात हरवलेले सदाशिवरावभाऊ आपणच असं सांगणाऱ्या तोतयाच्या बंडात, तो काही काळ तोतयाकडे होता आणि १८१८ला इंग्रजांकडे गेला. इतक्या जणांना तो का हवा होता हे माथ्यावरून खाली बघितलं की उमगतं. बोरघाटाची वाट, उल्हासचं खोरं, कर्जतचं सपाट मैदान, दूर माथेरानचा डोंगर, सगळं नजरेच्या टप्प्यात. जो इथे बसेल त्याला खालून येणारा बैलांचा तांडा दिवसभर आधी दिसणार. लांबवर ढाकचा डोंगर ओळखून ठेवा.

खिंडीत अर्धा तास पुरे. वेळ साडेअकरा-पावणेबाराची असेल आणि पाय ताजे असतील तर मनरंजनच्या दरवाजापर्यंत जाऊन यायला हरकत नाही. त्याहून उशीर झाला असेल तर नको.

घड्याळ

सगळ्या वाटेत हे एकच वेळापत्रक मी काटेकोर पाळते. साडेसातला कोंदिवड्यातून चाल सुरू. पावणेनऊला लेणी, सव्वानऊला तिथून निघायचं. पावणेबारापर्यंत उधेवाडी, सव्वाबाराला खिंड, एक वाजता ताटावर. पावणेदोनला उतरायला सुरुवात. चारच्या आत पुन्हा लेण्यांपाशी, पाचला कोंदिवडे.

बारा वाजता अजून रानातच असाल तर तिथूनच मागे फिरा. रान संपून पठारावर आलात, पण साडेबारापर्यंत उधेवाडी आली नसेल तर खिंड सोडा, गावात जेवा आणि उतरा. "अजून अर्धाच तास" असं म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला हे सकाळी लोकलमध्येच सांगून ठेवा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण या खोऱ्यात, झाडीखाली, अंधार त्याच्या बराच आधी होतो.

दुपारी गावात कुणीतरी सुचवतंच, आता लोणावळ्याकडूनच उतरू या, रस्ता सरळ आहे. सरळ आहे, पण पंधरा-सोळा किलोमीटर आहे, आणि वाटेत फणसराई-वळवंडसारख्या वस्त्या सोडल्या तर सोय नाही. जेवून दोनला निघालात तर तुंगार्लीला अंधारात पोचाल. तो बेत स्वतंत्र दिवस काढून करावा.

उतरताना

चढापेक्षा उतार अवघड, हे गुडघ्यांना विचारा. सुकलेल्या मातीवर बारीक मुरूम असतो आणि त्यावरून टाच सटकते. शरीर मागे रेलून उतरू नका. गुडघे किंचित वाकवून, पूर्ण पाऊल टेकवत, तिरकं तिरकं उतरा. काठी आधी खाली टेकवा, मग पाय. बुटांच्या नाड्या उतरण्यापूर्वी पुन्हा घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. दोन माणसांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा, म्हणजे एकाचा पाय घसरला तर दुसरा सापडत नाही. आणि सुटलेला दगड खाली जाताना दिसला की मोठ्याने "दगड!" असं ओरडा.

पिशवीत प्रत्येकी तीन लिटर पाणी, त्यातलं निदान पाऊण लिटर उतरणीसाठी राखलेलं. ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचे लाडू, चिवड्यासारखं खारट काहीतरी, क्रेप बँडेज, टॉर्च, शिट्टी, टोपी, ओढणी, रोख पैसे. गावातली टाकी, तळी यांचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. मासिक पाळीची तारीख जवळ असेल तर मुलींनी पॅड आणि एक जाड कागदी पिशवी जवळ ठेवावी. वापरलेलं पॅड रानात पुरायचं नाही, परत न्यायचं. ही गोष्ट अशा माहितीत कुणी लिहीत नाही आणि नवख्या मुली त्यापायी यायचंच टाळतात, म्हणून लिहिलं.

गटात कुणाला सगळा चढ झेपेल की नाही अशी शंका असेल, घरातले मोठे असतील, आठ-नऊ वर्षांची मुलं असतील, तर बेत लेण्यांपर्यंतचाच करा. कोंदिवडे ते लेणी आणि परत असा तो निवांत अर्धा दिवस होतो. निम्म्यांनी वर जायचं आणि निम्म्यांनी खाली थांबायचं असं मात्र करू नका. खाली थांबलेल्यांना सहा-सात तास एका जागी बसवत नाही, ते भटकतात आणि संध्याकाळी एकमेकांना शोधण्यात लोकल चुकते. एकतर सगळे खिंडीत, नाहीतर सगळे लेण्यांवरून परत.